गाडी ‘लावून देणारा’ एजंट भेटला तर

पाय मोडून माणूस वॉर्डात पडलेला असतो, प्लास्टर अजून ओलं असतं, आणि कुणीतरी खाटेशेजारी येऊन बसतो. ‘कशावरून पडलात? आंब्यावरून? गाडीनं उडवलं म्हणायचं. गाडी आम्ही लावून देतो.’ खर्च काही नाही, येईल त्यात निम्मं-निम्मं.

‘लावायची’ गाडी म्हणजे विमा चालू असलेली, मालक ओळखीचा आणि चालकाकडे परवाना असलेली. तो चालक गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरतो, आणि त्या कागदांवर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल होतो. स्वतःच बाईकवरून घसरलेल्याला कागदावर मागच्या सीटवर बसवतात आणि मित्राला चालक करतात, कारण स्वतःच्या चुकीची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून मिळत नाही.

हे फुटतं ते बहुधा पहिल्या केसपेपरवर. रुग्णाला आणलं तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी ‘झाडावरून पडून, दुपारी ३’ अशी एक ओळ लिहिलेली असते. एजंट डिस्चार्ज कार्ड बदलून आणतो, पण दवाखान्याचं एमएलसी (पोलीस-कोर्टाशी संबंध येऊ शकणाऱ्या केसेसचं) रजिस्टर आणि १०८ रुग्णवाहिकेची नोंद त्याच्या हातात नसते. विमा कंपनीचा तपासनीस आधी तेच मागवतो. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून खरा दावा बुडत नाही. उशिराच्या एफआयआरमध्ये ट्रक आणि केसपेपरवर झाड असेल, तर मात्र सुटका नाही.

दुसरी हेराफेरी अपंगत्वाच्या टक्क्यात होते. वय ३८, कमाई महिना १२,००० असेल तर वर्षाचे १,४४,०००, गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा) १५. कमाईची क्षमता २० टक्के घटली तर ४,३२,००० होतात (भविष्यातली वाढ आणि औषधपाणी सोडून). दाखल्यावर ४० टक्के आले की सरळ दुप्पट. म्हणून टक्के विकत मिळतात. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की पायाचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत, आणि सढळ हाताने दिलेल्या दाखल्यांबाबत न्यायाधिकरणांनी सावध राहावं. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी होते, आणि बनाव तिथे उघडा पडतो.

शिक्षेचं बोलू. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणूक, कलम ३१८(४): ७ वर्षांपर्यंत. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज, ३३६(३): तेवढीच. न्यायालयात खोटी साक्ष, २२९: ७ वर्षांपर्यंत. खोटा दावा, २४६: २ वर्षांपर्यंत. विमा पॉलिसीच बनावट केली तर कलम ३३८ लागू शकतं, त्यात कमाल शिक्षा जन्मठेप आहे आणि अशा गुन्ह्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटण्याचा मार्ग बंद होतो. ‘पैसे परत केले की मिटतं’ हे एजंटचं वाक्य अर्धवट आहे. परतफेडीने शिक्षा सौम्य होऊ शकते. फसवणुकीत न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही होते, पण बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात होत नाही.

आणि निम्मं-निम्मं? रक्कम दावेदाराच्या बँक खात्यात येते, म्हणून एजंट पासबुक, एटीएम कार्ड आणि कोऱ्या चेकवर सह्या आधीच घेऊन ठेवतो. निकाल लागला की खातं रिकामं, आणि पोलीस येतात ते खातेदाराकडे. वकिलानेच वाटा मागितला तर ते बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

हक्काचं काय आहे ते आधी बघा. स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. त्याला परवाना लागतो, आणि तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वालाच मिळतो. धडकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात. शेतकरी कुटुंबातला माणूस झाडावरून पडला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख. नुसत्या फ्रॅक्चरला काही नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करायचा असतो, आणि ‘गाडी’ शोधण्यात एजंट घालवतो ते नेमके हेच दिवस.