फेनॉम १००: आधी लँडिंगचं पान उघडा

एम्ब्राएरच्या फेनॉम १०० या छोट्या जेटचा विषय निघाला की बोलणं ३९० नॉट वेग आणि ४१,००० फूट उंचीपासून सुरू होतं. दोन्ही आकडे खरे आहेत. पण हे विमान चालवणाऱ्याचा खरा संबंध येतो तो मॅन्युअलमधल्या लँडिंगच्या पानांशी. वर हे विमान अतिशय गुणी आहे. चूक महागात पडते ती खाली येताना.

२००८च्या डिसेंबरमध्ये या विमानाला प्रमाणपत्र मिळालं. एकट्या वैमानिकाला ते चालवता येतं, आणि कॉकपिट त्याच हिशेबाने मांडलं आहे. गार्मिन जी१०००वर आधारलेले तीन मोठे पडदे आहेत, ऑटोपायलट विश्वासू आहे. प्रॅट अँड व्हिटनीची दोन इंजिनं प्रत्येकी सुमारे १,७०० पाउंड जोर देतात आणि त्यांचा कारभार फाडेक, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बघतो. थ्रॉटल टेकऑफच्या खाचेत ठेवला, चढताना क्लाइंबच्या खाचेत आणला, की तापमानाची सुई बघत बसावं लागत नाही. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याचा जोर आपोआप वाढतो. ब्रिटिश हवाई दल वैमानिकांना बहुइंजिनी विमानाचं शिक्षण याच विमानावर देतं, ते उगाच नाही.

वजनाचा हिशेब मात्र कडक आहे. टेकऑफचं कमाल वजन ४,७५० किलो. एका वैमानिकासह तयार विमान साधारण ३,२७५ किलोचं असतं. उरले १,४७५. टाक्या पूर्ण भरल्या तर इंधनच सुमारे १,२७० किलो होतं. मग दुसरा वैमानिक बसवला की मागे एक प्रवासी आणि त्याचं सामान, एवढीच जागा वजनात शिल्लक राहते. म्हणून टाकी भरून निघायची सवय इथे चालत नाही. मुंबई–दिल्लीचं उदाहरण घ्या: पहिल्या तासाला सुमारे ४२०, दुसऱ्याला ३०० आणि राखीव ३०० ते ३३० किलो धरलं, तर दोन वैमानिकांसह चार प्रवासी बसतात. पण धुक्याच्या दिवसांत लांबचा पर्यायी विमानतळ धरला आणि वर अर्ध्या तासाचं होल्डिंग (आकाशात घिरट्या घालत थांबणं) धरलं, की दोन प्रवासी कमी करावेच लागतात. बुकिंग घेणाऱ्याला हे आधीच सांगितलेलं बरं.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर. मे महिन्यात ४५ अंश असेल तर हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी ४,८०० फुटांवर असते. धावपट्टी लांब आहे, त्यामुळे अनेकांना वाटतं की अडचण नाही. वजन अडतं ते लांबीपायी नाही, एका इंजिनावर चढण्याच्या अटीपायी. चाकं आत गेल्यावर एका इंजिनावर किती चढेल, तो तक्ता बघूनच प्रवासी ठरवावेत. अशा हवेत एका दमात ४१,००० फूट गाठण्याचा आग्रहही सोडावा. ३५,००० ते ३७,०००वर थांबावं, इंधन जळून विमान हलकं झालं की पुढे चढावं. २०१७पासून आलेल्या १००ईव्ही या आवृत्तीची इंजिनं उष्ण हवेत जास्त जोर देतात. विदर्भ-मराठवाड्यात नेहमी जायचं असेल तर ईव्हीचे जास्तीचे पैसे वसूल होतात.

आता बर्फ. पंखांच्या आणि मागच्या आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेला रबरी डीआइस बूट आहेत. ते मिनिटाला एक फेरी करून फुगतात आणि साचलेला बर्फ फोडतात. नियम सोपा आहे: ढग किंवा पाऊस आहे आणि एकूण तापमान १० अंश किंवा कमी, तर इंजिनाचं अँटीआइस, म्हणजे बर्फ साचू न देणारी व्यवस्था, चालू. तापमान ५च्या खाली गेलं किंवा कुठेही बर्फ दिसला, तर पंख-शेपटीचं बटणही चालू. हे बटण फक्त बूट फुगवत नाही. स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपून विमान पडू लागण्याची, सूचना किती आधी द्यायची, ती पातळीही त्याच बटणाने बदलते. बटण बंद आणि पंखावर बर्फ, अशी स्थिती असेल तर सूचना येण्याआधीच किंवा जेमतेम त्या वेळी विमान स्टॉल होतं.

८ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गजवळ हेच झालं. बर्फाच्या ढगांतून उतरण, डीआइस बंद, आणि व्हीरेफ (धावपट्टीच्या टोकावर धरायची गती) ९२ नॉट, म्हणजे स्वच्छ पंखाची. विमानातले तीन आणि ज्या घराजवळ ते कोसळलं तिथले तीन, असे सहा जण गेले. बटण चालू केलं की व्हीरेफ वाढते, लँडिंगचं अंतर वाढतं, आणि मग छोटी धावपट्टी पुरत नाही. म्हणूनच हे बटण चालू करायला हात कचरू नये. धावपट्टी पुरत नसेल तर विमानतळ बदलावा, बटण नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी १६ ते १८ हजार फुटांच्या आसपास असते, त्यामुळे उतरेपर्यंत बर्फ वितळलेला असतो. तरी पडद्यावर ‘आइस स्पीड’चा संदेश आहे तोवर गती बर्फाच्याच धराव्यात.

ब्रेक हा या विमानाचा सर्वांत चर्चेचा भाग. पेडलपासून चाकापर्यंत हुकूम विजेच्या तारेतून जातो, त्यामुळे पायाला ब्रेकची जाण येत नाही. इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग कमी करणारे रिव्हर्सर नाहीत. सुरुवातीच्या विमानांत पंखावर ग्राउंड स्पॉइलरही (टेकल्यावर उचल मोडणाऱ्या झडपा) नव्हते, ते १००ई या पुढच्या आवृत्तीपासून मिळू लागले. नवख्या पायाला वाटतं ब्रेक लागतच नाही, मग तो पेडल पुन्हा पुन्हा दाबतो. तसं करू नये. चाकं टेकली, नाक खाली आलं, की दोन्ही पेडल सारखी, घट्ट आणि न सोडता दाबून धरावीत. चाकं जाम होऊ न देणारं अँटीस्किड आपलं काम करतं. घाबरून इमर्जन्सी ब्रेकचा दांडा ओढला तर अँटीस्किड जातं, चाकं जाम होतात, आणि ओल्या धावपट्टीवर विमान उलट जास्त घसरतं किंवा टायर फुटतो.

त्याआधीची शिस्त वेगाची. ९५ऐवजी १०० नॉटने धावपट्टीचा उंबरठा ओलांडला तर ब्रेकना सुमारे ११ टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. पुस्तकात लँडिंगचं अंतर ९०० मीटर आलं असेल, तर ६० टक्क्यांच्या नियमाने (लँडिंग धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे) १,५०० मीटर धावपट्टी हवी, आणि ओली असेल तर आणखी १५ टक्के, म्हणजे १,७२५. कोकणातल्या जुलैसाठी हा दुसराच आकडा धरावा.

जुनं विमान घेणार असाल तर लॉगबुकमध्ये ब्रेक-नियंत्रकाचे बदल झालेत का, टायर किती वेळा आणि का बदलले, हे आधी वाचा. डीआइस बूटवर हात फिरवून भेगा आणि ठिगळं तपासा. जमिनीवर वीज देणारं विमानातलं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नाही, म्हणून २८ व्होल्टचा जीपीयू (बाहेरून वीज देणारं यंत्र) मिळेल अशाच तळावर विमान ठेवा. मे महिन्यात प्रवासी चढण्याआधी केबिन गार करायची असेल तर दुसरा मार्ग नाही.