मुंबई–हीथ्रो म्हणे नऊ तास! अंतराच्या अ‍ॅपचा सात महिन्यांचा अनुभव

दोन विमानतळ टाका, अंतर आणि उड्डाणाची वेळ दाखवणार, एवढंच या अ‍ॅपचं काम. जाहिराती नकोत म्हणून वर्षाचे ३९९ रुपये भरलेत, तेव्हा बोलतोच.

नोव्हेंबरात लेकीकडे निघालो. अ‍ॅप म्हणालं, ७,२०० किमी, नऊ तास. तिकिटावर दहा तासांच्या वर होते. पण वेळेवर पोचलो असं दाखवता यावं म्हणून विमानवाले वेळ थोडी फुगवूनच छापतात, हे मला ठाऊक. मग नऊ तास धरून लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून पुढची बस काढली, पैसे परत न मिळणारी, कारण ती स्वस्त. विमानाला लागले दहा तास वीस मिनिटं. शेवटी तर लंडनच्या डोक्यावर घिरट्या घालत बसलो. बस गेली, १४ पौंड गेले. वर लेक म्हणते, "बाबा, तिकिटावर लिहिलं होतं ना?"

त्याच रात्री एक तारा देऊन मोकळा झालो.

मग डोकं शांत झाल्यावर अ‍ॅपमधला नकाशा मोठा करून पाहिला. त्यांची रेघ मुंबईहून सिंध, बलुचिस्तान, इराण, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन अशी जाते. पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळचा रस्ता तोच, त्यामुळे किलोमीटर बरोबर आहेत. तिथे माझा आरोप मागे. पण या रेघेवरून जातंय कोण? युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्तानचं एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद. आमचं विमान अरबी समुद्रावरून वळसा घालून गेलं. अ‍ॅप मात्र ७,२०० ला ठरावीक वेगानं भागतं, वर उतरण्या-चढण्याचा अर्धा तास टाकतं आणि छातीठोकपणे नऊ तास सांगतं. हा भागाकार माझा नातू फुकट करून देईल.

तेही सोडून दिलं असतं. पण लंडन–मुंबई टाकलं तरी नऊच! जाताना नऊ, येताना नऊ. अहो, वर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा वाहतो, युरोपकडे जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. परतीला मला नऊ तासांना पाच मिनिटं कमी लागली. म्हणजे तिथे अ‍ॅप बरोबर ठरलं, पण चुकून. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं, त्यातली गत. दोन दिशांना दोन आकडे द्यायला असं काय लागतं? तीन मेल केले. उत्तर एकच, "वेळ अंदाजे आहे." मग मिनिटांपर्यंत कशाला दाखवता?

एक गोष्ट मात्र कबूल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. हे अ‍ॅपनं त्याच दिवशी आपोआप बदललं. त्याआधी दर वर्षी मी लेकीला भल्या पहाटे फोन करून उठवायचो. या वर्षी नाही उठवलं. तेवढ्यासाठी एकाचे तीन तारे केले.

जूनमध्ये वर्गणी संपते. घड्याळाचं काम फुकटच्या आवृत्तीतही होतं, असं कळलंय.