सी-क्वालायझर: मासा जिवंत खाली पोचवणारं अवजार, आणि त्याला निकामी करणारा एका दिवसाचा हंगाम

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंत, हौशी मासेमारी करणाऱ्या बोटीवर सी-क्वालायझर हवाच. खोलातून वर आल्याने फुगलेला मासा परत खोलवर नेऊन सोडणारी ही पकड आहे. रेड स्नॅपर आणि ग्रुपर या माशांचं वाताशय, म्हणजे तरंगायला मदत करणारी पोटातली हवेची पिशवी, बंद असतं; त्यातली हवा त्यांना तोंडावाटे सोडता येत नाही. १०० फुटांवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणजे तिथून झटकन वर ओढलेल्या माशाच्या पोटात हवा चौपट फुगते. डोळे बाहेर येतात आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी लोंबतं. ते जठर असतं. ते टोचू नका, बोटाने आत ढकलू नका. मासा खोल गेला की ते आपसूक जागेवर बसतं. पण असा मासा नुसता पाण्यात टाकला तर तो उताणा तरंगत राहतो आणि मरतो, किंवा पक्षी-शार्क त्याला उचलतात.

सी-क्वालायझरची पकड खालच्या ओठाला लावायची, वजन बांधायचं आणि मासा खाली सोडायचा. ठरलेल्या दाबाला जबडा आपोआप उघडतो. नेहमीच्या मॉडेलवर ५०, १०० आणि १५० फूट अशा तीन खुणा आहेत. मासा खाली पोचवणाऱ्या अशा अवजारांना डिसेंडर म्हणतात. उलट्या गळाच्या स्वस्त डिसेंडरपेक्षा हे इथेच सरस ठरतं. उलट्या गळात दोरी जरा ढिली पडली की मासा वाटेतच सुटतो. शिवाय प्रवाहात दोरी तिरकी जाते, १०० फूट सोडली तरी मासा जेमतेम ६० फुटांवर असतो. हे अवजार दाब ओळखतं, दोरीची लांबी नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती खूण निवडताना. पाणी ९० फूट आणि खूण १०० वर असेल तर जबडा उघडतच नाही. मासा तळापर्यंत जाऊन तसाच वर येतो, पुन्हा फुगलेला. आधी साउंडर (खोली दाखवणारं यंत्र) बघा, मग तळापेक्षा कमी असलेली सगळ्यात खोल खूण लावा. दुसरी चूक वजनाची. नियमात किमान १६ औंस आणि ६० फूट दोरी आहे, पण मोठा फुगलेला मासा तेवढ्याने बुडत नाही. ३ ते ५ पौंडांचं शिसं ठेवा. त्यासाठी जाड दोरीचा वेगळा रॉड पहिला गळ पाण्यात जाण्याआधीच तयार हवा. मासा डेकवर तडफडत असताना गाठी मारत बसलात तर पुढच्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. अर्धा तारा कापलाय तो मिठासाठी: दट्ट्यात मीठ साचलं की जबडा अडतो, म्हणून दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावंच लागतं.

आता नियमांकडे. या किनाऱ्यावर १५ जुलै २०२० पासून डिसेंडर बोटीवर तयार ठेवणं सक्तीचं आहे. मेक्सिकोच्या आखातात जानेवारी २०२२ मध्ये डिसेंडर किंवा हवा काढायची पोकळ सुई, दोन्हींपैकी एक ठेवणं सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण नियम ‘तयार ठेवा’ म्हणतो, ‘वापरा’ म्हणत नाही. तरंगणारा प्रत्येक मासा खाली पोचवलाच पाहिजे, असं स्पष्ट लिहायला हवं. आग्नेय किनाऱ्यावर हौशी मासेमारीत मरणाऱ्या रेड स्नॅपरपैकी बहुतांश परत टाकलेलेच असतात, आणि ते हंगाम बंद असतानाही इतर माशांबरोबर गळाला लागतात.

खरं दुखणं हंगामाचं आहे, म्हणजे मासा ठेवायची परवानगी असलेल्या दिवसांचं. अटलांटिक बाजूला, केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या समुद्रात २०२३ मध्ये रेड स्नॅपरला दोन दिवस मिळाले, १४ आणि १५ जुलै. २०२४ मध्ये एकच, १२ जुलै. माणशी एक मासा, लांबीची किमान अट नाही. वर्षातून एकच दिवस हातात असला की बाविस्तेवीस फुटी बोटीसुद्धा वारा बघत नाहीत, तीस मैल आत जातात. आणि एकच मासा ठेवायचा म्हटल्यावर छोटा टाकून मोठ्याची वाट बघणं सुरू होतं. त्या घाईत डिसेंडर कोपऱ्यात पडून राहतो.

म्हणून आमच्या मागण्या. पहिला मासा आला की तोच तुमचा, अदलाबदल बंद. नॅशनल वेदर सर्व्हिसने (अमेरिकेचं हवामान खातं) त्या पट्ट्यात लहान बोटींना इशारा दिला असेल तर तिथला दिवस पुढच्या शनिवार-रविवारी ढकलावा, आणि हा निर्णय आदल्या दुपारपर्यंत जाहीर व्हावा. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक मच्छीमाराला एक टॅग (एक मासा ठेवायच्या परवानगीची खूणचिठ्ठी) द्यावा आणि दोन महिन्यांत तो केव्हाही वापरू द्यावा. मासे तितकेच निघतील, पण कोणाला खवळलेल्या समुद्रात जावं लागणार नाही. टॅग वापरला की मासेमारीची ती जागा सोडून दुसरीकडे जायचं, हीसुद्धा अट त्यात हवी. आखातात २०१७ साली खासगी बोटींना आधी तीनच दिवस दिले होते, नंतर शुक्रवार ते रविवार धरून ३९ दिवस वाढवले. म्हणजे हंगामाचे दिवस आठवडाभर सलग न देता विखरून देता येतात.

खरेदी करणार असाल तर आपल्या नेहमीच्या जागेची खोली आधी पाहा. कायम १५० फुटांपलीकडे जात असाल तर खोल पाण्याचं मॉडेल घ्या, त्यावर १००, २०० आणि ३०० च्या खुणा आहेत.