इंकस्केपमधील वक्ररेषेवरचा मजकूर: सोय मोठी, देवनागरीसाठी थोडी कसरत

चित्राभोवती गोलाकार फिरणारी अक्षरे बसवण्यासाठी महागडे सॉफ्टवेअरच लागते असा समज असेल, तर २००३ पासून विकसित होत असलेले मोफत आणि मुक्तस्रोत इंकस्केप एकदा वापरून पाहावे. चित्राभोवती वर्तुळ काढायचे, मजकूर टाइप करायचा, शिफ्ट दाबून दोन्ही निवडायचे आणि टेक्स्ट मेनूतील ‘पुट ऑन पाथ’ ही आज्ञा द्यायची, की ओळ वर्तुळावर चढते. ती सुरू होते मात्र उजव्या बाजूच्या मध्यापासून, त्यामुळे काहीतरी बिघडले असे नवख्याला वाटणे साहजिक आहे. वर्तुळ फिरवले की मजकूरही सोबत फिरतो. वर्तुळ दिसायला नको असेल तर ते पुसू नये, केवळ त्याच्या कडेचा रंग काढावा, कारण मजकूर त्याच्याच आधारावर उभा असतो.

खरी परीक्षा देवनागरीत होते. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे वळत असल्याने लहान वर्तुळाच्या बाहेरून शब्द लावला, तर तळ जुळतो, पण शिरोरेषा अक्षरागणिक तुटून मध्ये फटी पडतात. आतून लावल्यास माथे एकमेकांवर चढतात. वर्तुळ मोठे घेणे किंवा अक्षरे लहान करणे हाच त्यातल्या त्यात बरा उपाय. ऑल्ट आणि बाणाच्या कळांनी एकेक अक्षर सरकवता येते, पण लांब ओळीसाठी तो उद्योग फार किचकट आहे. छपाईला देण्यापूर्वी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा देऊन अक्षरांचे साध्या आकारांत रूपांतर करून घ्यावे. त्यानंतर शुद्धलेखन सुधारता येत नसल्याने मूळ फाइल वेगळी जपावी.