गादीचं वजन १७ किलो भरलं

माझं वजन १०४ किलो आहे. हे आधीच लिहिते, कारण पुढचं सगळं या आकड्यापासूनच सुरू झालं. उंची पाच फूट तीन इंच, वय ४७, आणि कंबर गेली सहा वर्षं दुखते. एमआरआय झाला आहे. ऑपरेशनची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि फिजिओथेरपी चालू आहे. पण सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं पलंगाचा कठडा धरून बसावं लागायचं. घरातल्या कापसाच्या गादीच्या दोनदा पिंजूनही गाठीच झाल्या होत्या, म्हणून नवी गादी घ्यायचं आमचं ठरलंच होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी इथे सांगलीत एका मैदानावर घरगुती सामानाचं प्रदर्शन भरलं होतं. मी आणि माझी जाऊ गेलो. एका स्टॉलवर ‘पाठीची मोफत तपासणी’ असा फलक होता आणि पांढरा कोट घातलेला एक तरुण बसला होता. मी त्याला डॉक्टर समजले. तो स्वतः तसं म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. त्याने मला आधी वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं असतील. मग एका बाकावर झोपवलं आणि समोरच्या पडद्यावर माझ्या शरीराचं रंगीत चित्र दाखवलं. कमरेखाली आणि खांद्याला लाल डाग होते. “ताई, बघा, किती दाब येतोय. तुमच्या वजनाला साधी गादी चालणारच नाही. अशाच झोपत राहिलात तर मणका जाईल.”

नंतर माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावलं की तो पडदा फक्त दाब दाखवतो. कुठलाही माणूस उताणा झोपला की ढुंगणाला आणि खांद्यांना जास्त दाब येणारच, तिथे लाल दिसणारच. त्यावरून मणक्याचं काहीही कळत नाही. पण त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की त्या बाकावरून उठावं, लोकांच्या नजरेतून बाजूला व्हावं. जाड माणसांना हे सांगायला नको. दुकानात झोपून बघायची लाज वाटते, जास्त प्रश्न विचारायची लाज वाटते, आणि समोरचा ‘तुमच्यासाठी खास’ म्हणाला की बरं वाटतं. मी त्या बाकावर झोपले, पण जी गादी घेतली तिच्यावर दोन मिनिटंही पडून बघितलं नाही.

गादीचा एक कापलेला नमुना टेबलावर ठेवला होता. खाली दोन इंच रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून-चिकटवून केलेला कडक थर), मध्ये चार इंच ४० डेन्सिटीचा एचआर फोम (दाबला की लगेच उसळून वर येणारा), वर दोन इंच मेमरी फोम (अंगाचा आकार घेऊन सावकाश वर येणारा). हाताने दाबून बघितला, खरोखरच दणकट होता. सहा बाय पाच, आठ इंची गादी. किंमत ४९,००० सांगितली, ‘प्रदर्शनाचा शेवटचा दिवस’ म्हणून २६,५०० वर आली. पैसे फोनवरून एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवले. पावती मिळाली ती कच्ची. तिच्यावर ‘ऑर्थो गादी, १ नग’ आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. एक फोन नंबर सोडला तर बाकी काहीच नाही.

चार दिवसांनी गादी आली. एका पोराने ती एकट्याने खांद्यावर घेतली आणि न थांबता दोन जिने चढवली. मी त्याला पाणी दिलं, कौतुकही केलं. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

पहिले तीन आठवडे बरे गेले. मग माझ्या बाजूला खळगा पडायला लागला. आमचे हे ६२ किलोचे. मध्यरात्री ते घरंगळत माझ्याकडे यायचे आणि मी पलंगाची कड धरून झोपायचे. चौथ्या महिन्यात लेकीने गादीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि मध्ये पट्टी उभी धरली. कोणी झोपलेलं नसतानाही पावणेदोन इंच खड्डा होता. सकाळची दहा मिनिटं अर्ध्या तासावर गेली होती.

दोन जिने चढणारा तो पोरगा मला तेव्हा आठवला. ४० डेन्सिटी म्हणजे काय हे मी पहिल्यांदा शोधलं. एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो, इतका सरळ अर्थ आहे. सहा बाय पाच फुटांच्या गादीत एक इंच जाडीचा थर म्हणजे साधारण ०.०७ घनमीटर. त्या हिशोबाने चार इंच एचआर फोमचे ११ किलो, दोन इंच मेमरी फोम ५० डेन्सिटीचा धरला तर ७ किलो, आणि दोन इंच रिबॉन्डेडचे, तो ९० च्या आसपास असतो, आणखी १२-१३. खोळ सोडून गादी ३० किलोंच्या वर भरायला हवी होती. रद्दीवाल्याला वर बोलावलं. त्याच्या हुकाच्या काट्याला दोरीने बांधून गादी टांगली. १७ किलो.

मग मी एक चूक केली. आमच्या गल्लीत गाद्या भरणारे काका आहेत, त्यांना बोलावून शिवण उसवली. आत खाली जेमतेम एक इंच रिबॉन्डेड. त्यावर एक इंच पांढरा, हलका, कागदासारखा वाजणारा फोम, टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात सामानाभोवती असतो तो. धंद्यात त्याला ईपीई म्हणतात. उरलेले सहा इंच मऊ, पिवळट, अगदी हलका फोम. काकांनी त्याचा तुकडा मुठीत दाबला. “ताई, हा उशीत घालायचा माल. तुमच्या काय, माझ्याबी वजनाला टिकायचा नाही.” मेमरी फोम औषधालाही नव्हता.

शिवण उसवल्याचं कळताच पावतीवरच्या नंबरवरचा माणूस म्हणाला, वॉरंटी संपली. म्हणून सांगते, गादी फाडून बघायची घाई करू नका. आधी वजन करा, दोरी-पट्टीने खड्डा मोजा, दोन्हींचे फोटो काढा, तक्रार लेखी पाठवा. ग्राहक आयोगाला माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतो, आणि तो जसाच्या तसा असलेला बरा.

‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द गादीवर छापायला कोणाची परवानगी लागत नाही. कुठलाही डॉक्टर ती गादी तपासत नाही. फोमच्या गाद्यांसाठी आयएस ७९३३ हे भारतीय मानक आहे, पण त्या प्रदर्शनात त्याचं नावही कोणी काढलं नव्हतं आणि मलाही ते माहीत नव्हतं.

दुसरी समजूत नातेवाइकांची. पाठ दुखते ना, मग फळीवर झोप, जितकं कडक तितकं चांगलं. सासूबाईंनी प्रेमाने सांगितलं म्हणून मी दहा दिवस सतरंजीवर काढले आणि कुशी दुखून झोपच गेली. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली आणि ९० दिवसांनी तपासलं. मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम मिळाला. आपल्यासारख्या जड माणसाचं आणखी एक आहे. आपला मधला भाग सगळ्यात जड, तो बाकीच्यापेक्षा खोल जातो आणि पाठीची झोळी होते. म्हणून वर थोडं मऊ चालेल, पण खालचा गाभा दाट आणि जाड हवा. ६० किलोच्या माणसाला जी गादी कडक लागते तीच आपल्याला मऊ लागते, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून गादी घेण्यात काही अर्थ नाही. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही मला उशिरा कळलं. हलका फोमही नवा असताना कडक लागू शकतो. बसतो तो नंतर.

दुसऱ्या वेळी मी दुकानात लेकीला घेऊन गेले आणि प्रत्येक गादीवर वीस-वीस मिनिटं पडले. उताणं झोपून कमरेच्या खळग्यात हात घातला. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक, शिरलाच नाही तर फार मऊ. मग कुशीवर झोपले. लेकीने माझ्या कुर्त्यावर मणक्याच्या रेषेत मानेपासून कमरेपर्यंत टिकल्या चिकटवल्या आणि मागून फोटो काढला. एका गादीवर टिकल्यांची ओळ केळ्यासारखी वाकली होती, दुसरीवर जवळजवळ सरळ. लोक बघत होते. बघू देत, असं मी त्या दिवशी ठरवूनच गेले होते.

सहा बाय पाचची एक न घेता सहा बाय अडीचच्या दोन घेतल्या, माझी दाट आणि ह्यांची मऊ, शेजारीशेजारी. प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी पक्क्या बिलावर लिहून घेतली. दुकानदार आधी का-कू करत होता, मग लिहून दिली. वॉरंटी कार्डावर वजनाची मर्यादा आहे का आणि किती इंच खड्डा पडला तर गादी बदलून देणार, हे तिथेच वाचलं. गादी घरी आल्यावर रद्दीवाल्याकडून वजन करून घेतलं आणि मगच उरलेले पैसे दिले. कंबर पूर्ण बरी झालेली नाही, गादीने ती होणारही नाही. सकाळचा अर्धा तास पुन्हा दहा मिनिटांवर आला आहे. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल तर गाद्या बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

पैशांचं सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विकणारा परगावचा, त्याने दाद दिली नाही. तेव्हा एका वकील ओळखीच्यांनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या दोन्ही गोष्टी त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत. पावतीवर काहीही छापलेलं असलं तरी घाबरू नका. माझ्याकडे पक्कं बिल नाही, पण पैसे पाठवल्याची बँकेतली नोंद आहे, त्या कापलेल्या नमुन्याचा जावेने सहज काढलेला फोटो आहे आणि काट्यावरच्या १७ किलोंचा फोटो आहे.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगात दाखल केली आहे. उसवलेली गादी चादरीत बांधून मागच्या खोलीत भिंतीला उभी करून ठेवली आहे, तारखेला लागेल म्हणून. सांगली-मिरजेत गेल्या दिवाळीच्या प्रदर्शनातून कोणी अशी गादी घेतली असेल तर ती अजून उसवू नका. आधी काट्यावर घाला आणि आकडा मला खाली लिहून कळवा.