सत्य आयोग की न्यायालय?

अत्याचारांना हातभार लावणाऱ्या किंवा त्यांतून लाभ उठवणाऱ्या कंपन्यांना जाब विचारायचा, तर सुनावण्या घेऊन सत्य नोंदवणारा आणि शिफारशी करणारा आयोग हवा की न्यायालय? कोलंबियातील केळीपट्ट्याचे हे प्रकरण रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना परके वाटू नये. चिकिता या अमेरिकी कंपनीने १९९७ ते २००४ या काळात तेथील एयूसी या खासगी सशस्त्र संघटनेला १७ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि २००७ मध्ये गुन्हा कबूल करून अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य केला. तो दंड अमेरिकी सरकारच्या तिजोरीसाठी होता. एयूसीने मारलेल्यांपैकी आठ जणांच्या कुटुंबांच्या बाजूने फ्लोरिडातील ज्यूरीचा भरपाईचा निकाल लागायला मात्र जून २०२४ उजाडले. न्यायालयाचा मार्ग असा संथ, खर्चिक आणि हाती असलेल्या पुराव्यापुरताच.

आयोगाचा मार्ग वेगळा. वर्णभेदी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व सलोखा आयोगाने नोव्हेंबर १९९७ मध्ये उद्योगजगताची सुनावणी घेतली आणि वर्णभेदी राजवटीतून खाणमालकांपासून बँकांपर्यंत कोणाला कसा लाभ झाला, याचे एका खटल्यात न मावणारे चित्र उभे केले. मात्र अनेक कंपन्या तिकडे फिरकल्याच नाहीत, आणि उद्योगांवर कर लावण्याची आयोगाची सूचनाही सरकारने पुढे फेटाळली.

माझा कौल, उशीर गृहीत धरूनही, न्यायालयाला आहे. कारण आयोगाची शिफारस सरकारच्या मर्जीवर राहते, तर निकालाची वसुली करता येते.