उंदरांचा आलेख दाखवून मला लुटलं

आमच्या कुत्रीच्या सेप्टिक शॉकवरचं (जंतुसंसर्गानं रक्तदाब कोसळतो, त्यावरचं) 'पेप्टाइड', म्हणजे प्रथिनासारखा पण छोटा रेणू, म्हणून एका विक्रेत्यानं माझे पूर्ण 2 महिन्यांचे पगार खाल्ले. वर 11 टक्के शीतवाहतुकीचे. सकाळी आल्या त्या 5 मिलिग्रॅमच्या 3 कुप्या, साध्या पाकिटात, हाताला कोमट. कोमट कुपी आली तर घेऊच नका.

आमच्या कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला होता. रक्तदाब कोसळलेला, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणाले, सलाइन, अँटिबायोटिक चालू आहे, दाब जरा सावरला की गर्भाशय काढू, पण खात्री देत नाही. हे ऐकून कुणाला झोप लागेल? रात्री दोनला मी फोनवर उपाय शोधत होते. मी अडाणी नाही. त्या विक्रेत्यानं पाठवलेला शोधनिबंध खराच होता. व्हीआयपी नावाचं, 28 अमिनो आम्लांचं, संप्रेरकासारखं पेप्टाइड दिलेले उंदीर जिवाणूंच्या विषातून वाचले होते. निबंध खरा म्हणून कुपीही खरी, असं मी धरून चालले.

तो म्हणाला, "टोचायची गरज नाही, जिभेवर दहा थेंब सोडा." तिथंच फोन ठेवायला हवा होता! इन्सुलिनही पेप्टाइडच. माझी आई ते रोज टोचून घेते, कारण पोटात गेलं की ते पचून जातं. मला हे माहीत होतं! तरी डॉक्टरांची नजर चुकवून मी थेंब मोजले आणि त्याच्या सांगण्यावरून ऑपरेशन 9 तास लांबवलं. पू आत असेल आणि डॉक्टर काढू म्हणाले, तर असल्या उपायांसाठी थांबू नका.

डॉक्टर नंतर म्हणाले, खरं व्हीआयपी असतं तरी ते रक्तवाहिन्या सैल करतं, दाब आणखी उतरला असता. दाब चढवणारं व्हॅसोप्रेसिन वेगळं, ते शिरेतून, सतत दाब बघत देतात. आणि प्रयोगातल्या उंदराला विष कधी टोचलं ते नेमकं माहीत असतं, म्हणून औषध वेळेवर देता येतं. हिच्या पोटात पू किती दिवस साठत होता?

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. बँकेनंही तेच ऐकवलं. औषध खात्यानं लेबलावर बोट ठेवलं, 'फक्त संशोधनासाठी', म्हणजे हे औषधच नाही, आमचा संबंध नाही. ग्राहक तक्रारीसाठी गेले तर बिल मागितलं. बिल असतं तर चोराचा पत्ता नसता का मिळाला? 4 अर्ज, 6 खेपा, एकाचीही पोच नाही. बॅच क्रमांक नसलेली तिसरी कुपी अजून सीलबंद माझ्याकडे आहे. तपासायला कुणीही घेत नाही.